चंद्रपुरात पडलेली रिंग आणि पॅसिफिकमध्ये बुडवलेलं मालवाहू यान: अंतराळातली वस्तू कुठे पडणार, हे कसं ठरतं?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि खानदेशात, तसंच मध्य प्रदेश आणि गुजरातच्या काही भागांत लोकांनी आकाशात पेटत्या तुकड्यांची एक रांग सरकताना पाहिली. काही मिनिटांत व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागले. कुणी उल्कापात म्हणालं, कुणी विमान कोसळलं म्हणालं.

त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावातल्या मोकळ्या जागेत धातूची एक भली मोठी रिंग येऊन पडली. अडीच-तीन मीटर व्यासाची आणि चाळीसेक किलो वजनाची. दुसऱ्या दिवशी पवनपार परिसरात एक गोळा सापडला आणि पुढच्या काही दिवसांत तालुक्यात तसे आणखी गोळे मिळाले. पोलिसांनी या वस्तू ताब्यात घेतल्या, नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

या घटनेवर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. पण त्याच आठवड्यात घडलेल्या दुसऱ्या एका घटनेकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. बरोबर दोन दिवस आधी, ३१ मार्चला, चीनचं 'तियानझोऊ-२' हे मानवरहित मालवाहू यान वातावरणात शिरलं, जळालं आणि त्याचे उरलेसुरले तुकडे दक्षिण पॅसिफिक महासागरात पडले. ते कुठे पडणार, हे आधीच ठरलेलं होतं.

सिंदेवाहीत पडलेले तुकडेही चिनी रॉकेटचेच असल्याचं पुढे समोर आलं. म्हणजे देश एकच आणि आठवडाही एकच. मग यान समुद्रात नेमक्या जागी आणि रॉकेटचे तुकडे वस्तीत, असं का झालं?

जाताना मालगाडी, येताना घंटागाडी

अंतराळ स्थानकात राहणाऱ्या माणसांना जेवण लागतं, पाणी आणि ऑक्सिजन लागतो, कपडे, औषधं, सुटे भाग लागतात. तिथे पिकत काही नाही, दुकानही नाही. त्यामुळे दर काही महिन्यांनी पृथ्वीवरून माल पाठवावा लागतो. हे काम माणसाशिवाय उडणारी मालवाहू यानं करतात.

याची सुरुवात सोव्हिएत संघाने केली. २० जानेवारी १९७८ रोजी 'प्रोग्रेस-१' हे यान 'सॅल्यूत-६' स्थानकाकडे निघालं. तेव्हापासून प्रोग्रेस यानांची दीडशेहून जास्त उड्डाणं झाली आहेत आणि आजही ती आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला माल पोचवतात. साधारण सात टनांचं हे यान एका खेपेत अडीच टनांच्या आसपास माल नेतं. चीनचं तियानझोऊ त्याहून बरंच मोठं. लांबीला जवळपास एसटी बसएवढं, आणि एका खेपेत सहा टनांहून जास्त माल नेणारं. तियानझोऊ-२ हे २९ मे २०२१ रोजी निघालं होतं. चीनच्या 'तियानगोंग' स्थानकाचा पहिला भाग जेमतेम महिन्याभरापूर्वी कक्षेत पोचला होता. पहिले अंतराळवीर तिथे राहायला जाण्याआधी घरात सामान भरून ठेवायचं काम या यानाने केलं.

ही यानं इंधनही नेतात. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. त्या उंचीवरही हवेचे अगदी विरळ कण असतात आणि त्यांच्या घर्षणाने स्थानक दर महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं. त्याला अधूनमधून वर ढकलावं लागतं, नाहीतर ते स्वतःच कधीतरी कुणाच्या तरी डोक्यावर येईल. जोडलेलं मालवाहू यान आपली इंजिनं चालवून हे ढकलण्याचं कामही करतं.

माल उतरवून झाला की यान रिकामं होतं आणि इथे त्याची दुसरी नोकरी सुरू होते. स्थानकावर साचलेला कचरा, म्हणजे रिकामी पाकिटं, वापरलेले कपडे, बिघडलेली उपकरणं, शौचालयातल्या घाणीचे बंद डबे, असं सगळं त्यात भरतात. गावात सकाळी घंटागाडी येते, तसंच हे काम. फक्त ही घंटागाडी एकदाच येते आणि कचऱ्यासकट स्वतःही जळून जाते. स्पेसएक्सचं ड्रॅगन हा याला ठळक अपवाद. ते समुद्रात अलगद उतरतं आणि त्यातून प्रयोगांचे नमुने परत आणता येतात. प्रोग्रेस, सिग्नस आणि तियानझोऊ मात्र जाळूनच टाकायची असतात.

ब्रेक कधी मारायचा?

कक्षेतलं यान सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असतं. हा वेग थोडा कमी केला की त्याची वाट पृथ्वीकडे वळते. थोडा म्हणजे किती? सेकंदाला शंभरेक मीटर, म्हणजे एकूण वेगाच्या जेमतेम दीड टक्का. त्यासाठी यानाचं इंजिन पुढच्या दिशेने काही मिनिटं चालवतात.

हा ब्रेक कुठे मारायचा, यावर यान कुठे पडणार हे ठरतं. हिशेब करून, जागा निवडून, पृथ्वीच्या जवळपास दुसऱ्या बाजूलाच इंजिन सुरू करावं लागतं. मग साधारण १२० किलोमीटर उंचीवर यान दाट होत जाणाऱ्या हवेत शिरतं, ८० किलोमीटरच्या आसपास त्याचे तुकडे होऊ लागतात आणि जे जळत नाहीत ते काहीशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात विखरून पडतात.

पट्टा एवढा लांब असल्यामुळे जागाही तशीच रिकामी लागते. दक्षिण पॅसिफिकमध्ये 'पॉइंट नेमो' नावाची एक जागा आहे. तिथून सर्वांत जवळची जमीनही २,६८८ किलोमीटर दूर. मुंबई ते चंद्रपूर या हवाई अंतराच्या जवळपास चौपट. जहाजं आणि विमानं तिथून क्वचितच जातात आणि यान पाडण्याआधी त्यांनाही सूचना दिली जाते. तियानझोऊ-२ याच महासागरात बुडवण्यात आलं.

थोडक्यात, सुरक्षितपणे खाली येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: चालू स्थितीतलं इंजिन, टाकीत उरलेलं इंधन आणि जमिनीवरून दिलेली आज्ञा ऐकणारा संगणक. मालवाहू यानाकडे या तिन्ही गोष्टी शेवटपर्यंत असतात, कारण स्थानकापाशी जाऊन अलगद जोडलं जाण्यासाठी त्या लागतातच.

सिंदेवाहीत पडलं ते काय होतं?

त्या संध्याकाळी पहिला अंदाज वेगळा होता. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून 'इलेक्ट्रॉन' नावाचं छोटं रॉकेट उडालं होतं. हे तुकडे त्याचेच असावेत, असं अनेकांना वाटलं. वेळ जुळत होती, पण माप जुळत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा व्यास फक्त १.२ मीटर आहे. त्यातून अडीच-तीन मीटरची रिंग निघणार कुठून?

अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेगळं उत्तर दिलं. त्यांच्या मते हा चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा होता, क्रमांक वाय-७७. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या या रॉकेटचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणं अपेक्षित होतं आणि त्याचा मार्गही आकाशात दिसलेल्या रेषेशी जुळत होता. या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो. रिंगचं माप इथे जुळतं.

या टप्प्याचं काम फक्त उपग्रहाला वरच्या कक्षेकडे ढकलून देण्याचं. ते झालं की इंधन संपतं, बॅटरी संपते आणि मागे उरतो तो सुमारे तीन टनांचा मुका पत्रा. तो लांबट कक्षेत फिरत राहतो. एका टोकाला हजारो किलोमीटर दूर, दुसऱ्या टोकाला पृथ्वीच्या अगदी जवळ. प्रत्येक फेरीत जवळच्या टोकाला हवा त्याला थोडं थोडं अडवते. असं करत करत सुमारे चौदा महिन्यांनी तो खाली आला. त्याला ब्रेक मारणारं कुणी नव्हतं.

मग तो कधी पडणार, हे आधी सांगता येत नाही का? दिवस सांगता येतो, काही वेळा तासही. त्यापुढे अवघड होतं. वरची हवा सूर्याच्या हालचालींनुसार फुगते आणि आकसते आणि कोलांट्या खाणाऱ्या तुकड्याला ती किती अडवेल याचा नेमका हिशेब लागत नाही. सेकंदाला पावणेआठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला साडेचारशे किलोमीटरहून जास्त. हा टप्पा वायव्येकडून आग्नेयेकडे येत होता. तो साधारण एक मिनिट आधी खाली आला असता तर तुकडे जळगाव-बुऱ्हाणपूरच्या पट्ट्यात पडले असते. एक मिनिट उशिरा आला असता तर विशाखापट्टणमजवळ, कदाचित समुद्रात. लाडबोरीच्या वाट्याला रिंग आली, ती या एका मिनिटाच्या फरकाने.

चंद्रपूर-गडचिरोलीचा जंगलपट्टा विरळ वस्तीचा आहे, हे खरं. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं होती. मुंबई उपनगर जिल्ह्यात २० हजारांहून जास्त. पण विरळ म्हणजे रिकामा नव्हे. मार्च-एप्रिल हा मोहफुलांचा हंगाम. पहाटेपासून माणसं जंगलात असतात आणि मोहफुलं वेचताना वाघाच्या हल्ल्यात जीव जाण्याच्या घटना सिंदेवाही-ब्रह्मपुरी भागाला नवीन नाहीत. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. ज्या माणसाला आधीच खाली वाकून, मागे-पुढे बघत काम करावं लागतं, त्याने आता वरही बघायचं का, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी गमतीचा नाही. शिवाय रिंग जंगलात पडलीच नाही, ती गावात पडली.

सगळं जळतं, तर हे का उरलं?

रॉकेटचा बराचसा भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं. टायटॅनियम वितळायला १,६०० अंशांहून जास्त तापमान लागतं. इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब टिकवण्यासाठी रॉकेटमध्ये हेलियमसारखा वायू गोल टाक्यांत भरलेला असतो. प्रचंड दाब सहन करायचा म्हणून या टाक्या टायटॅनियमसारख्या चिवट धातूच्या असतात, कधी वरून कार्बन तंतूंनी गुंडाळलेल्या. आकार गोल आणि आतून पोकळ. त्यामुळे आकारमानाच्या मानाने हलक्या, लवकर वेग गमावणाऱ्या. जगभरात आकाशातून पडलेल्या 'रहस्यमय गोळ्यांच्या' बातम्या येतात, त्यातले बरेच गोळे याच टाक्या असतात. मे २०२२ मध्ये गुजरातच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतही असे गोळे पडले होते.

अशा वस्तूला हात लावू नये, हे मात्र गंभीरपणे घेण्यासारखं आहे. काही यानांत आणि रॉकेटांत दिशा बदलण्यासाठी हायड्रेझिन नावाचं विषारी इंधन वापरतात आणि टाकीत ते उरलेलं असू शकतं. टाकीत दाबही शिल्लक असू शकतो. लांब राहून पोलीस पाटील, पोलीस ठाणं किंवा तहसील कार्यालयाला कळवणं एवढंच करायचं. भंगारात विकायचा विचार तर नकोच, कारण कायद्याने ती वस्तू सापडलेल्या माणसाची होत नाही.

आणि आकाशात दिसलेली रेषा उल्का आहे की कचरा, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. उल्का फार वेगाने येते आणि बहुतेकदा एक-दोन सेकंदांत विझते. कक्षेतून पडणारा कचरा तिच्यापेक्षा सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी, मिनिटभरही सरकताना दिसतो. व्हिडिओ काढायला वेळ मिळाला, याचा अर्थ बहुधा ती उल्का नव्हती.

घंटागाडी आली नाही तर?

मालवाहू यानंही नेहमी ठरल्याप्रमाणे वागतात असं नाही. २८ एप्रिल २०१५ रोजी उडालेलं 'प्रोग्रेस एम-२७एम' रॉकेटपासून वेगळं होताना बिघडलं आणि गरगर फिरू लागलं. आज्ञा ऐकेना. दहा दिवस जगभरातले लोक ते कुठे पडणार याचे अंदाज बांधत होते. ८ मे रोजी ते पॅसिफिकवर आपोआप पडलं. तो काळ स्थानकासाठी वाईटच होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये सिग्नस यान नेणाऱ्या रॉकेटचा उड्डाणानंतर काही सेकंदांत स्फोट झाला होता आणि जून २०१५ मध्ये ड्रॅगन यान नेणारं रॉकेटही हवेत फुटलं. आठ महिन्यांत तीन खेपा वाया. वरच्या अंतराळवीरांकडे काही महिन्यांचा साठा असल्यामुळे उपासमार झाली नाही. ३ जुलैला पुढचं प्रोग्रेस निघालं, ते मात्र व्यवस्थित पोचलं.

याहून बोलकं उदाहरण फ्लोरिडातलं आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या जुन्या बॅटऱ्या जपानच्या एचटीव्ही या मालवाहू यानांतून खाली पाठवून जाळायच्या, असं ठरलं होतं. २०१८ मध्ये एका सोयूझ यानाचं उड्डाण फसलं, अंतराळवीर पोचले नाहीत, बॅटऱ्या बदलण्याचं काम लांबलं आणि एचटीव्ही त्यांच्याशिवाय निघून गेलं. तेव्हापासून प्रत्येक यान मागच्या खेपेची थकबाकी नेऊ लागलं. या मालिकेतलं शेवटचं एचटीव्ही २०२० मध्ये परतलं तेव्हा बॅटऱ्यांचा एक सांगाडा वरच राहिला. सुमारे २,६०० किलोचा. न्यायला गाडी नव्हती. अखेर मार्च २०२१ मध्ये यांत्रिक हाताने तो अंतराळात तसाच सोडून दिला. तो आपोआप खाली येऊन जळून जाईल, अशी नासाची अपेक्षा होती. ८ मार्च २०२४ रोजी त्यातला एक तुकडा फ्लोरिडातल्या नेपल्स शहरात एका घराचं छप्पर फोडून आत शिरला. वजन फक्त ७०० ग्रॅम, उंची दहा सेंटिमीटर. पण दोन मजले फोडण्यापुरता तो पुरेसा होता.

नुकसान झालं तर भरपाई कोण देणार?

१९७२ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यानुसार अंतराळातली वस्तू पडून जमिनीवर नुकसान झालं, तर ती ज्या देशाने उडवली त्याने भरपाई द्यायची. चूक कुणाची होती, हे सिद्ध करावं लागत नाही. भारत आणि चीन, दोघेही या करारात सहभागी आहेत. पण दावा पीडित माणसाने नव्हे, त्याच्या सरकारने करायचा असतो. म्हणजे लाडबोरीत एखाद्याच्या घरावर रिंग पडली असती, तर त्याचं प्रकरण तहसीलदारापासून परराष्ट्र मंत्रालयापर्यंत जायला हवं होतं.

या कराराचा गाजलेला वापर कॅनडाने केला. जानेवारी १९७८ मध्ये, म्हणजे पहिलं प्रोग्रेस उडालं त्याच आठवड्यात, अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस-९५४' हा सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे विखुरले. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. तोही विरळ वस्तीचाच मुलूख होता.

भारताचं काय?

या बाबतीत फक्त चीनकडे बोट दाखवता येत नाही. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेला मोठा नळकांड्यासारखा तुकडा इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा असल्याचं तिथल्या अंतराळ संस्थेने म्हटलं. दुसरीकडे मार्च २०२३ मध्ये इस्रोने 'मेघा-ट्रॉपिक्स-१' हा जुना उपग्रह पॅसिफिकमध्ये ठरवून पाडला. तो तसा पाडण्यासाठी बनवलेलाच नव्हता, पण टाकीत इंधन शिल्लक होतं आणि ते वापरायचं ठरवलं गेलं. २०३० पर्यंत आपल्या मोहिमांमधून अवकाशात कचरा मागे राहू नये, असं उद्दिष्टही भारताने जाहीर केलं आहे.

२०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारण्याची भारताची योजना आहे. ते झालं तर माल नेणारी यानंही लागतील आणि त्यांना खाली पाडण्याची जागाही निवडावी लागेल. त्याआधी आंतरराष्ट्रीय स्थानकाचा निरोप समारंभ व्हायचा आहे. चारशे टनांहून जास्त वजनाचं ते स्थानक या दशकाच्या अखेरीनंतर पॅसिफिकमध्ये पाडायचं आहे. ते खाली खेचण्यासाठी खास यान बनवण्याचं कंत्राट नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. रक्कम ८४ कोटी डॉलरपर्यंत. हे यान म्हणजे माल वाहणाऱ्या ड्रॅगनचंच मोठं रूप, कितीतरी जास्त इंधन भरलेलं. या खेपेला त्याला वर काही न्यायचं नाही, फक्त ब्रेक मारायचा आहे.